समुद्रगवत आणि चुलीतली राख

आमच्या नणंदबाईंइतकी स्वच्छ भाजी अख्ख्या जैनथ भागात कुणी निवडली नसेल, आणि त्यापायी आमच्याइतकं उशिरा कुणी जेवलंही नसेल. मेथीचं पान न् पान दोन्ही बाजूंनी पुसायच्या. म्हणायच्या, "वहिनी, वरचा मळ पानाचा नाही, तो पानाच्या नावावर काऊन लावाचा?" मी म्हणायची, "बाई, भाजी करू का पंचनामा?" पण त्यांचा धंदाच तो. ऐंशीच्या दशकात आमच्या कापूस-ज्वारीच्या घरातून त्या समुद्राकाठी शिकायला गेल्या, तेही समुद्राच्या तळाशी उगवणाऱ्या गवतावर. पैनगंगेपलीकडे पाणी न पाहिलेलं आमचं गाव हसायचं, गवतच कापायचं तर इतक्या लांब कशाला! मला मात्र कोण अभिमान! पाण्यात उतरून पानं काढायची, त्यांवरचं शेवाळ अलगद खरवडायचं, शुद्ध पाण्यात चटकन बुडवून घ्यायची, मंद उष्णतेवर वाळवायची, आणि मग कुटून त्यांत नत्र किती, पालाश किती ते तपासायचं. उघडा हात लावायची सोय नाही. घामानंही आकडा बिघडतो म्हणे.

एका उन्हाळ्यात त्या वर्षभराची वाळवलेली पानं घेऊनच घरी आल्या, कारण तिकडच्या दमट हवेत ती सादळत होती. आता सासूबाईंनी मायेपोटी काय करावं? बियाण्याला कीड लागू नये म्हणून आम्ही राख चोळतो, तशी चुलीतली राख चाळून एकूण एक पानाला चोळून ठेवली!

पानांचा डबा उघडला आणि नणंदबाई चिमट्यानं एकेक पान उलटून बघत राहिल्या. मी म्हटलं, "झटकून टाका, कोणाले कळते?"

"मले कळते ना, वहिनी. राखेत पालाश असते. धुतलं तर पानातलंही वाहून जाईल. आकडा खोटा येईल."

पदवी वर्षभर लांबणार होती. डोळे भरून आले, तरी त्यांनी सगळी पानं उकिरड्यावर ओतली. पुढं पदवी मिळाली तेव्हाही मला त्यांचा त्या दिवशीइतका अभिमान वाटला नाही.

तेवढ्यात सासूबाई बाहेर आल्या. "काऊन फेकून राह्यली वं? म्या खराब केले का?"

चिमूटभर राखेचा खोटेपणा न चालणारी ही बाई डोळे पुसून चक्क हसली. "नाही वं माय, ते फेकाचेच होते. मी नवे आणतोच."

सासूबाई आता नाहीत. लेकीला एक वर्ष जास्तीचं का लागलं, ते त्यांना कधीच कळलं नाही. "माही पोरगी लय हुशार," त्या ज्याला त्याला सांगायच्या, "मास्तर सोडतच नव्हते तिले."