गेमच्या मशीनचा ठराव

आमच्या घरात प्लग असलेली कोणतीही वस्तू ठरावाशिवाय येत नाही. मिक्सर ठरावाने आला, कूलर ठरावाने आला, आणि इस्त्रीचा ठराव दोनदा पडल्यामुळे मी अख्खं कॉलेज चुरगळलेल्या कपड्यांत केलं. ही पद्धत बाबांची. ते सालेकशाकडच्या एका जंगलातल्या गावात वाढले, पुढे आयुष्यभर तेंदूपत्ता तोडणाऱ्यांच्या संघटनेचं काम करत राहिले, आणि गोंदियाच्या वेशीवर दोन खोल्यांचं घर बांधलं तेव्हा त्यांनी गावातली ग्रामसभाच उचलून तिथे आणली. सूचना, अनुमोदन, चर्चा, हात वर. अध्यक्ष कायम बाबा, कारण घरात हाताची खुर्ची एकच होती आणि तिच्यावर ते आधीच बसलेले असायचे.

मत कुणाला, याचा नियम असा होता की ज्याने आठवडाभर आमच्या घरचं अन्न खाल्लं त्याला मत. संघटनेचे कार्यकर्ते महिना महिना मुक्कामाला असायचे. त्यांना नुसतं वाढायचं आणि विचारायचं काहीच नाही, हे बाबांना सरंजामी वाटायचं. मी लहान असताना टीव्हीचा ठराव आला तेव्हा असाच एक दाढीवाला पाहुणा दहा-बारा दिवस आमच्याकडे होता. त्याने टीव्हीतून गुलामगिरी घरात कशी शिरते यावर फार सुंदर भाषण केलं, विरोधात हात वर केला, ठराव पाडला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने निघून गेला. आम्ही पुढची दोन वर्षं शेजारच्या खिडकीतून टीव्ही पाहिला. शेजारणीने पडदा लावला की कार्यक्रम संपला.

दुसरा नियम मला जास्त आवडायचा. ज्याची बाजू हरली त्यानेच ठराव अमलात आणायचा, म्हणजे कुणी तोंड फुगवून बसत नाही. कूलरला विरोध बाबांचा होता, म्हणून तो मे महिन्यात त्यांनीच सायकलवर बांधून आणला.

मी या घरात पत्रकं वाचत मोठी झाले. दुसरं वाचायला काही नव्हतंच. ट्रंकेत पत्रकं, फळीवर पत्रकं, पोळीच्या डब्यात खाली पत्रक. चौथीत ‘माझी आई’ या निबंधाचा शेवट मी ‘अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल’ असा केला होता. बाईंनी आईला शाळेत बोलावलं. आईने निबंध वाचला आणि बाईंना विचारलं, “मागण्या तं बरोबर आहेत. गुण काऊन कापले?”

तर या घरात गेलं वर्ष-दीड वर्ष एक जुनं गेमिंग कन्सोल होतं. ते मात्र ठरावाशिवाय आलं होतं, कारण ते विकत घेतलंच नव्हतं. बाजारातलं एक गेम पार्लर बंद पडलं, त्याच्या मालकाचा अर्ज मी लिहून दिला होता, त्याने मोबदल्यात ते दिलं. मी चार दिवस खेळले आणि सोडलं. मग आईने घेतलं.

आई अंगणवाडी सेविका होती. नोकरीत आणि नोकरीबाहेर, बायांच्या बैठकांसाठी, ती गावोगाव पायी हिंडलेली. आता गुडघ्यांमुळे तिला दारासमोरचा नळही लांब पडतो. तिने गाड्यांच्या शर्यतीचा खेळ लावला आणि शर्यत कधीच लावली नाही. बाकीच्या गाड्या सुसाट निघून जायच्या, आणि आई तिची लाल गाडी कडेने हळूहळू नेत आजूबाजूला बघत बसायची. “हे कोनतं झाड आहे?” असं मला विचारायची. मी म्हणायची, आई, तू शेवटची येऊन राहिली. ती म्हणायची, “येऊ दे. मले कुठं ऑफिस गाठायचं आहे?”

या उन्हाळ्यात तिने नवीन कन्सोल मागितलं. जुनं आता धान उफणायच्या पंख्यासारखं आवाज करायचं आणि तापलं की मधेच बंद पडायचं. पण खरं कारण ते नव्हतंच.

“चालते ना हे?” मी विचारलं.

“चालते. पन कुठं चालते? त्याच त्याच रस्त्यानं चालते. त्या वळनावरचा झेंडेवाला मले आता नावानं ओळखत असन. नव्या मशीनवर एक खेळ आहे, त्यात आख्खा देश आहे. कुठूनही निघा, कुठंही जा. रस्ता सोडून शेतातून बी जाता येते.”

तिने हे सगळं मोबाईलवर पाहिलं होतं. ‘तो दोस्तों’ म्हणून सुरुवात करणारी दिल्लीकडची पोरं नवं मशीन घ्यावं की नाही यावर तास तास बोलतात, ती सगळी तिने ऐकली होती. जुन्या मैत्रिणींशी फोनवर ती लोडिंग टाइमबद्दल बोलू लागली होती. पलीकडची बाई बहुतेक पोषण आहाराच्या गाडीबद्दल समजून उत्तरं देत असावी, पण दोघींचं जुळायचं.

हिशेब सरळ होता. घरात मतं तीन. आई बाजूने, बाबा विरोधात, मीही विरोधात.

बाबांचा विरोध जुनाट होता. “दोन अंगठ्यानं क्रांती होत नाही,” ते म्हणाले.

“तुमच्या दोन हातानं कुठं झाली?” आई म्हणाली, आणि लसूण सोलत राहिली.

माझा विरोध विचार करून केलेला होता, असं माझं तेव्हाही म्हणणं होतं आणि आजही आहे. जुन्या मशीनचे खेळ डिस्कवर यायचे. बाजारातल्या एका मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात काउंटरवर खोकं असायचं. आपली डिस्क त्यात ठेवायची, दुसऱ्या कुणाची न्यायची. त्या खोक्याला मालक नव्हता. आईला जे नवं मशीन हवं होतं, ते पांढरं, सडपातळ, जरा स्वस्तातलं, त्यात डिस्क घालायला फटच नव्हती. खेळ सगळा हवेतून यायचा. पैसे आपले, पण खेळ कंपनीचा. तो कुणाला देता येत नाही, विकता येत नाही, आणि कंपनीच्या मनात आलं तर उद्या काढूनही घेता येतो. मी बाबांच्या मांडीवर बसून जंगलाच्या हक्काची भाषणं ऐकलेली मुलगी. वापरा पण मालकी विसरा, हे वाक्य मला कुठेही ओळखता येतं, पांढऱ्या सडपातळ डब्यात घालून आणलं तरी.

म्हणून मी पत्रक काढलं. ‘खेळ कोणाचे?’ असा मथळा, खाली दोन रकाने. घरात वाचणारे दोघंच होते, पण प्रेसवाला शंभरच्या खाली छापत नाही.

आईने ते चष्मा लावून पूर्ण वाचलं. “चांगलं लिहिलंस,” ती म्हणाली. “पन त्या खोक्यात आता चार्जरच्या वायरी असतात. मी फोन करून विचारलं त्याले. डिस्क घेऊन कोनी येतच नाही म्हनते.”

मी दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिलं. वायरीच होत्या. त्याने माझ्या विचारात फरक पडला नाही, फक्त पत्रकात खोक्यापुढचं ‘आहे’ मला मनातल्या मनात ‘होतं’ असं वाचावं लागलं.

त्याच आठवड्यात मावश्या आल्या.

मोठी मावशी सालेकशाकडून आली, हातात मोहाच्या बियांच्या तेलाची बाटली. आईच्या गुडघ्यांना रोज चोळायचं म्हणाली. यात संशय घेण्यासारखं काही नव्हतं. धाकटी मावशी शेजारच्याच नागरा गावची. तिचं घर इतकं जवळ की एरवी ती आली तर चपला न काढता उंबऱ्यावरूनच बोलून परत जाते. ती बॅग घेऊन आली. बॅगेत पांघरूणसुद्धा होतं.

“घरी काही झालं का?” बाबांनी काळजीने विचारलं.

“नाई जी भाऊजी. बहिनीची आठवन येऊन राहिली होती.”

दोघी राहिल्या. दोन्ही वेळा जेवल्या. मोठी मावशी जेवताना मुद्दाम बाबांच्या समोर बसायची, जणू साक्षीदार हवा होता. धाकटीला एकदा उपास आला तर तिने तो मोडला. माझ्या उरलेल्या पत्रकांवर त्यांनी तांदळाचे पापड वाळत घातले, ‘खेळ कोणाचे?’ हा प्रश्न आठवडाभर छतावर उन्हात पडून होता. आणि तरी आम्हा दोघांच्या, म्हणजे आयुष्यभर मतांचं राजकारण केलेल्या बापाच्या आणि त्यावर लेख लिहिणाऱ्या मुलीच्या, काही लक्षात आलं नाही.

आठवडा भरला त्या संध्याकाळी आई म्हणाली, “अवजी, बैठक घ्या. माहा ठराव आहे.”

बाबा खुर्चीत बसले. आईने सूचना मांडली: घरासाठी नवीन कन्सोल घ्यावं. आईने आजवर हजारो बैठकांना चहा केला होता, पण या घरात सूचना मांडायची तिची ही पहिली वेळ. धाकट्या मावशीने ताबडतोब अनुमोदन दिलं. तेव्हा कुठे बाबांचा चेहरा बदलला.

“तुम्ही पाहुन्या आहात,” ते म्हणाले.

“टीव्हीच्या वेळचा तो दाढीवाला कोन होता?” आईने शांतपणे विचारलं. “तुमचा चुलतभाऊ होता काय?”

 बाबा वाईट अध्यक्ष असतील, पण लबाड नाहीत.  ते म्हणाले, “मत ग्राह्य धरण्यात येते.”

मी चर्चेत अर्धा तास बोलले. मालकी, मक्तेदारी, सामाईक वस्तू. मोठी मावशी पदर डोक्यावर घेऊन इतकी एकाग्र ऐकत होती की मला वाटलं, हे मत फुटलं.

“म्हनजे त्या मशीनमंधून काही बाहेर काढून शेजारनीले देता येत नाही?” तिने विचारलं.

“नाही.”

“अन् फटवालं येते काय?”

“येतं. थोडं महाग.”

“मंग फटवालं घ्या. उद्या मले वाटलं तं चकती मले नेता आली पाहिजे.”

“तुझ्या घरी मशीनच नाही,” धाकटी म्हणाली.

“नसो. हक्क तं आहे.”

बाबांच्या डोळ्यांत पाणी येईल की काय असं मला क्षणभर वाटलं. मी घाईघाईने उपसूचना लिहून घेतली: डिस्कची सोय असलेलंच मशीन घ्यावं. ती एकमताने मंजूर झाली. मूळ ठरावावर आई, मोठी, धाकटी असे तीन हात वर गेले. विरोधात आम्ही दोघं. ठराव मंजूर. बाबांनी वयाचं कारण पुढे करून अंमलबजावणी माझ्यावर ढकलली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बाजारातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या मोठ्या दुकानात गेले. एसी चालू, काचेत मशीन, काउंटरमागे दाढी गुळगुळीत केलेला माणूस.

“डिस्कवाला चाहिए,” मी म्हटलं.

“मैडम, डिस्कवाला अब कौन लेता है? ये लो ना, व्हाइट. घर में कितना सुंदर दिखेगा.”

“हमारे यहां ठराव हुआ है.”

“क्या हुआ है?”

“डिस्कवाला ही चाहिए.”

“फिर नागपुर से मंगाना पड़ेगा. दो-तीन हफ्ते. ज्यादा भी लग सकते हैं.”

मी काचेतल्या पांढऱ्या डब्याकडे पाहत उभी राहिले, आणि माझ्या लक्षात आलं की मी जिंकले आहे. ठरावात डिस्क होती. दुकानात डिस्क नव्हती. पांढरं न्यायचं तर ठराव बदलावा लागणार, म्हणजे पुन्हा बैठक. आणि मावश्या उद्या सकाळी जाणार होत्या. त्या गेल्या की त्यांची मतं गेली, मग आम्ही दोघं आणि आई एकटी. टीव्हीच्या वेळच्या दाढीवाल्याने जे भाषण करून केलं होतं ते मला नुसतं दुकानातून रिकाम्या हाताने परत जाऊन करता येणार होतं, आणि वर म्हणताही आलं असतं की मी ठरावाशी प्रामाणिक राहिले. पत्रकं वाचून मोठं झालेल्या माणसाला याहून मोहक काही सुचत नाही.

मी आईला फोन लावला. खरं सांगायचं तर निर्णय तिच्या गळ्यात घालावा म्हणून लावला. पांढरं आत्ता मिळतं, डिस्कवालं उशिरा, काय करू, असं विचारलं. मनात होतं की ती म्हणेल, पांढरंच आण, आणि मग मला नियमावर बोट ठेवता येईल.

“ठरावात काय आहे?” आईने विचारलं.

“डिस्क.”

“मंग डिस्कचंच सांग त्याले. एवढं काय त्यात.”

“तीन आठवडे लागतील आई. मावश्या उद्या जाणार. नंतर बाबांनी ठराव फेरविचाराला काढला तर?”

 आईने तोंड बाजूला केलं आणि कुणाशी तरी बोलली. धाकट्या मावशीचं हसणं ऐकू आलं, आणि मोठीचं “मले तं धानाच्या पेरनीपर्यंत काही काम नाई” असं काहीसं.

“ऐक,” आई म्हणाली. “ऑर्डर देऊन टाक. मशीन येईपर्यंत तुह्या मावश्या इथंच जेवतीन.”

“आणि बाबा?”

“त्यायले मी सांगतो, म्हनते मोठी.”

मी आगाऊ पैसे भरले. दुकानदाराला पावतीवर ‘डिस्कवाला’ असं लिहायला लावलं, दोन वेळा, दुसऱ्यांदा खाली रेघ मारून. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की या बाईला मशीन विकावं की नाही यावरच त्याला आता बैठक घ्यायची होती.

मग मी भाजी बाजारात गेले आणि पाच जणांपुरती वांगी घेतली.