चालू ड्रायरचं माप

दवाखान्याच्या मागच्या अंगाला, स्वयंपाकघर ओलांडून बरंच चालत गेलं की पत्र्याची एक लांबट शेड लागते. तिथे दिवसभर चादरी धुतल्या जातात आणि तीन ड्रायर त्या वाळवतात. ज्याची ही हकीकत, तो या दवाखान्याचा वायरमन. एकोणतीस वर्षं तो इथल्या तारा ओढत आला. निवृत्तीला चौदा महिने बाकी होते. गुडघे तेवढे आधीच निवृत्त झाले होते.

लोक त्याला भागाकार म्हणत. दुसरे वायरमन टेस्टरचा दिवा लागला की पुढे जातात, हा खिशातून खडू काढून भिंतीवर आकडे मांडायचा. व्होल्टेजला करंटने भागलं की तारेचा अडथळा कळतो, दोघांचा गुणाकार केला की किती वॅट मिळतात ते कळतं. जुन्या हीटरच्या पाट्या वाचत वाचत हे तो आपला आपणच शिकला होता, आणि त्याला त्याचा अभिमान होता. चहावाला विचारायचा, भागाकार, आज साखर किती व्होल्टची टाकू?

ड्रायरवर त्याची विधवा वहिनी कामाला होती. भाऊ गेल्यावर यानेच शब्द टाकून तिला चिकटवलं, त्याला चार वर्षं झाली. आता मुकादमाने तिच्या नावाचा कागद काढला होता. एका पाळीत नव्वद चादरी वाळायला हव्यात, हिच्या अठ्ठावन्न होतात. शनिवारपर्यंत सुधारणा दिसली नाही तर कामावरून कमी. कागदाला वायरमनचाच शेरा जोडला होता: तिन्ही ड्रायर ठीक. खाली त्याची सही.

त्याने खोटं काही लिहिलं नव्हतं. कामाचा खोळंबा नको म्हणून तिथे तपासणी नेहमी रविवारी, धुलाईघर बंद असताना व्हायची. बंद ड्रायरच्या कॉइलला मीटर लावला की अडथळा तेवीस ओहम. प्लगवर बघितलं की दोनशे तीस व्होल्ट. मशीनच्या पाटीवरही तेच: दोनशे तीस व्होल्ट, दहा अँपिअर, तेवीसशे वॅट. सगळं जिथल्या तिथे.

वहिनी भांडली नाही. जेवताना खाली मान घालून एवढंच म्हणाली, "भावजी, मशीन चांगलं आहे म्हणता, तर माझेच हात गेले असतील." त्याने हातातला घास ताटात परत ठेवला.

गुरुवारी दुपारी, तिन्ही ड्रायर घुमत असताना, तो पाय ओढत शेडमध्ये आला. मुकादमाने टोमणा मारला की वहिनीपायी आता मीटरही खोटं बोलणार वाटतं. वायरमनने मीटर त्याच्याच हातात दिला आणि आकडा वाचायला लावला. एकशे चौऱ्याऐंशी व्होल्ट. मग तारेला करंट मोजायचा चिमटा लावला. आठ अँपिअर.

खडू भिंतीवर फिरला. एकशे चौऱ्याऐंशी भागिले आठ, तेवीस. म्हणजे कॉइल निरोगी. मुकादम म्हणाला, मग झालं तर. पण खडू थांबला नव्हता. एकशे चौऱ्याऐंशी गुणिले आठ, चौदाशे बहात्तर वॅट. हवे होते तेवीसशे. शंभर मागावेत आणि चौसष्ट हातावर पडावेत, अशी ती गत. मग नव्वद चादरींच्या जागी किती वाळणार? मुकादमाने बोटांवर हिशेब केला आणि अठ्ठावन्नावर आला.

"मग बाकीचं व्होल्टेज गेलं कुठे?" मुकादमाने विचारलं.

मुख्य पेटीत पूर्ण दोनशे तीस होते. वायरमनने भिंतीवरच्या केबलवर तळहात ठेवला. ताप आलेल्या कपाळासारखी ती लागली. ही केबल त्याने एका ड्रायरपुरती टाकली होती. दुसरा आला, तोही तिलाच जोडला. पाच वर्षांपूर्वी तिसरा आला तेव्हा नवी जाड केबल छपरावरून ओढायला हवी होती. गुडघ्यांनी नको म्हटलं आणि 'तात्पुरतं' म्हणत त्याने तोही तिथेच टाकला. तिघांचे मिळून चोवीस अँपिअर त्या लांब, बारीक तारेतून चालत होते, आणि शेहेचाळीस व्होल्ट वाटेतच ऊब होऊन जिरत होते. रविवारी करंटच वाहत नाही, मग वाटेत जिरणार काय? ज्याला सगळे भागाकार म्हणतात त्याला एवढं सुचलं नव्हतं.

मुकादम माणूस वाईट नव्हता. तो हळूच म्हणाला, "केबल बदलून टाक. तिचा कागद मी फाडतो. तुझा शेरा राहू दे तसाच. चौदा महिन्यांसाठी कशाला डाग लावून घेतोस?"

वायरमन चादरींच्या ओल्या ढिगावर टेकला. त्याला फार वाटलं की हो म्हणावं आणि घरी जाऊन पडावं.

"मग चार वर्षांच्या कमी चादरी कुणाच्या नावावर राहतील?" तो म्हणाला, आणि त्याने तपासणीची वही मागितली. लिहिलं: माझी तपासणी चुकीची. मशीन बंद ठेवून केली. केबल अपुरी, मीच जोडलेली. खाली सही केली.

कचेरीने वहिनीचा कागद रद्द केला आणि ठपका त्याच्या नावावर चढवला. दोन दिवस तो स्वतः छपरावर बसून जाड केबल ओढत होता. शनिवारी तिन्ही ड्रायर चालू असताना मीटरने दोनशे सव्वीस दाखवले, आणि पाळी संपेपर्यंत सत्त्याऐंशी चादरी घडी होऊन बसल्या.

वहिनी शेवटची चादर गालाला लावून बघत होती. कोरडी होती. तिने आभार मानले नाहीत.

"चार वर्षं मी घरी जाऊन हात शेकत होते," ती म्हणाली. मग चादरीची घडी घालत, "भावजी, माझ्या आधी इथे एक बाई होती. तिलाही कामचुकार म्हणून काढलं होतं ना?"

वायरमनने होकारार्थी मान हलवली. त्याच बाईच्या जागी त्याने वहिनीला लावलं होतं.

"कुठे राहते ती?"

त्याला माहीत नव्हतं. नावही नीट आठवत नव्हतं. त्याने गुडघ्यावर हात देऊन स्वतःला उठवलं, आणि जुन्या हजेरीवह्या कुठे ठेवतात ते विचारायला कचेरीकडे निघाला.