सदूच्या नडगीत भरलेली माती

डॉक्टरांनी लाकडाची चपटी पट्टी सदूच्या दातांच्या फटीतून आत सरकवली आणि घशाला टेकवली. धडधाकट माणसाला अशा वेळी उमासा येतो. सदूचे दात त्या पट्टीवर करकचून मिटले. पट्टी सोडवायला दोघांना झटावं लागलं.

"टेटॅनस," डॉक्टर शेजारच्या तरुण डॉक्टरांना म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "धनुर्वात आहे. गेल्या पंधरा दिवसांत याला कुठे जखम झाली होती?"

"नडगीला खरचटलं होतं जरासं."

"त्यावर काय लावलं?"

"हळद," मी म्हणालो.

हे खोटं होतं. सदू माझ्याकडे बघत होता. त्याचा जबडा मिटलेला होता, पण कान आणि डोळे शाबूत होते. मामा खोटं बोलतोय हे त्याला कळलं, आणि ते त्याला कळलेलं मला दिसलं. पुण्याच्या सरकारी दवाखान्यातल्या त्या पहिल्या दिवसातलं मला हेच सगळ्यात लख्ख आठवतं.

सदू माझ्या धाकट्या बहिणीचा, हौसाचा मुलगा. वय एकोणीस. नवरा गेल्यावर हौसा महाळुंग्याला परत आली आणि माझ्या घराला लागून असलेल्या दोन खोल्यांत राहू लागली. सदू माझ्या हाताखाली वाढला. पिंपरीला औषधांचा कारखाना उभा राहत होता, तिथं त्याला कामावर घ्यायचं ठरलं होतं. पावसाळ्यानंतर तो रुजू होणार होता. त्याच्या आधीची ही चैत्रातली शेवटची जत्रा.

जत्रेत होणारी आमच्या भागातली बैलगाड्यांची शर्यत ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. गाडे एकमेकांशेजारी पळत नाहीत. चढावर आखलेल्या वाटेला आम्ही घाट म्हणतो. त्यावरून एकेक गाडा घड्याळ लावून सोडतात, ती त्या गाड्याची बारी. गाड्यात कोणी बसत नाही. पुढे घोडी पळते आणि तिच्या मागे बैल पळतात. म्हणून गाड्याचा खरा हाकणारा म्हणजे घोडीवरचा स्वार. घोडी जरा बुजली तर चार बैल मागून अंगावर येतात. एवढ्याशा वेळात पोराचं सगळं धैर्य दिसतं.

अशी स्वारी करणारी गावातली सात-आठ पोरं माझ्या तालमीत होती. ती सगळी मला मामाच म्हणत. मी त्यांना नियम घालून दिले होते. दुसऱ्याच्या बैलाला हात लावायचा नाही. दारू पिऊन घोडीवर बसायचं नाही. हरलं तर जिंकणाऱ्याच्या डोक्याला आपल्या हातानं फेटा बांधायचा आणि मगच घाट सोडायचा. ह्या नियमांचा मला अजूनही पस्तावा नाही. आजूबाजूच्या गावांत म्हणत, महाळुंग्याची पोरं शिस्तीची. ते ऐकायला मला फार गोड लागायचं.

आणखी एक नियम होता. घाटात जखम झाली तर मी स्वतः त्याच घाटाची मूठभर माती घेऊन ती जखमेत दाबायची आणि वरून फडकं आवळायचं. पोरानं हूं की चूं करायचं नाही. पुढचे नऊ दिवस ते फडकं सोडायचं नाही आणि जखमेचा विषय काढायचा नाही. माझ्या उस्तादानं माझ्या खांद्यात अशीच माती भरली होती आणि मला काही झालं नव्हतं. मला काही झालं नाही, एवढ्याच आधारावर मी वीस वर्षं पोरांच्या जखमांत माती भरत आलो.

त्या दिवशी सदूची घोडी चांगली सुटली होती. घाट संपता संपता भोसरीकडचा एक माणूस वाटेत आडवा आला. त्याला वाचवायला सदूनं घोडी एका बाजूला घेतली आणि कडेच्या दगडावर त्याची नडगी गुडघ्याखाली चार बोटं फाटली. गाडा पोचला, पण वेळ गेला. भोसरीचा गाडा पहिला आला. त्या गाड्यापुढचा स्वार गेनू, सदूच्याच वयाचा.

गेनू धावत आमच्याकडे आला. "मामा, आडवा आलेला मानूस आमच्या गावचा हाय. तुमची बारी पुन्ना सोडा. आमी हरकत घेनार न्हाई."

"हरलो ते हरलो," मी म्हणालो. "आमी रडून मागत न्हाई."

सदू लंगडत गेला आणि त्यानं गेनूच्या डोक्याला फेटा बांधला. बांधताना त्याची चप्पल रक्तानं भरली होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गेनू मात्र खाली, पायाकडे बघत होता.

"मामा, चाकनला डाक्टर हाय. सदूला सायकलीवर घालून नेतो, सुई मारून लगेच परत आनतो."

"का रं, पयला नंबर आला म्हनून आता आमच्या पोरांच्या पालख्या उचलतोस व्हय?" मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. "महाळुंग्याच्या पोराला खरचटल्यावर डाक्टर लागत न्हाई. भोसरीच्या पोरांना लागत आसंल."

लोक हसले. ओशाळून गेनूही हसला. मी खाली वाकलो, जिथून नुकत्याच घोड्या पळून गेल्या होत्या तिथली मूठभर माती उचलली आणि सदूच्या नडगीत दाबली. तिच्यात लीद मिसळलेली होती. सदूनं डोळे मिटले आणि तोंडातून आवाज काढला नाही. मी त्याची पाठ थोपटली.

आठव्या दिवशी त्याला भाकरीचा घास चावेना. हौसा म्हणाली, दाढ आली असेल. मी म्हणालो, गार वारं लागलं. तेल चोळून जबड्याला कापड बांधलं. त्यात दोन दिवस गेले. दहाव्या दिवशी त्याची मान मागे ओढली जाऊ लागली तेव्हा त्याला बैलगाडीतून चाकणला आणला आणि तिथून एसटीनं पुण्याला नेला. एसटीत तो सारखा हसतोय असं मला वाटलं. ओठ ताणलेले, दात दिसत होते. "दवाखान्यात जायचं आन् हसतोस काय येड्यासारखा?" मी त्याला खडसावलं. ते हसू नव्हतं. या आजारात चेहऱ्याचे स्नायू तसे ओढले जातात, हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं.

त्यांनी बाकीचंही समजावलं. टेटॅनसचे जंतू मातीत असतात आणि घोड्याच्या लिदीत फार असतात. जखम बंद झाली, आत हवा पोचली नाही, की ते वाढतात आणि एक विष सोडतात. ते विष मज्जातंतूंत शिरतं. जबडा बसतो, त्याला लॉकजॉ म्हणतात. मग पाठ, पोट, छाती आखडत जाते. झटका आला की माणूस धनुष्यासारखा वाकतो, म्हणून धनुर्वात. शुद्ध मात्र पूर्ण असते.

सदूला कोपऱ्यातल्या खोलीत ठेवलं. खिडक्यांना काळी कापडं लावली. उजेड, आवाज, हाताचा स्पर्श, कशानंही झटका येऊ शकतो म्हणून. सिस्टर अनवाणी ये-जा करत. एकदा बाहेर कोणाची तरी घागर पडली आणि आत सदूच्या फक्त टाचा आणि डोकं खाटेला टेकलेलं राहिलं. मधलं सगळं अंग अधांतरी होतं. तेव्हापासून मला आत सोडलं नाही.

त्याला अँटिटॉक्सिन दिलं. विष उतरवणारी लस असं मी समजलो. डॉक्टर म्हणाले, मोकळं फिरणारं विष ते मारतं, पण मज्जातंतूत बसलेलं विष त्याला काढता येत नाही. ही लस घोड्याच्या रक्तापासून करतात. ती जखम झाल्या दिवशी टोचली तर बहुतेक वेळा आजार होतच नाही. गेनू ज्या सुईसाठी सायकल काढत होता ती हीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डॉक्टरांना व्हरांड्यात गाठलं. "साहेब, हळद न्हाई. माती भरली होती. मीच भरली. घोड्यांच्या वाटेवरची."

ते मला बोलतील असं वाटलं. पण ते ताबडतोब आत गेले. जखम वरून मिटली होती. ती उघडून त्यांनी आतली माती काढली, सडलेलं मांस कापलं. नंतर बाहेर आले तेव्हा मी विचारलं, "काल सांगितलं आसतं तर?"

"मला सांगता येणार नाही," ते म्हणाले. "काल दुपारीसुद्धा तो फार पुढे गेलेला होता. पण मी काल जखम उघडली असती."

त्यांनी खोटा दिलासा दिला नाही, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. त्यांच्या त्या शेवटच्या दोन वाक्यांमधल्या जागेत मी तेव्हापासून राहतो आहे.

हौसा व्हरांड्यात भिंतीला टेकून बसलेली असे. मी तिला मातीबद्दल सांगितलं नाही. डॉक्टरांशी काय बोललास असं तिनं विचारलं तर म्हणालो, औषधाचं.

चौथ्या दिवशी गेनू आला. भोसरीहून सायकल मारत आला होता. त्याला आत सोडणं शक्यच नव्हतं. तो पायरीवर बसला.

"बोलतोय का?" त्यानं विचारलं.

"तोंड उघडत न्हाई."

"मामा, मी त्या दिवशी ऐकायला नको होतं तुमचं. उचलून न्यायला हवा होता." मग म्हणाला, "तुमी हसवलं ना सगळ्यांना. मला लाज वाटली."

तो माफी मागत होता. माझी. मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं, पण मी पडलो नाही. खेळाडू कसा असावा हे मी वीस वर्षं पोरांना शिकवत होतो. तसा खेळाडू त्या घाटात एकच होता, आणि मी त्याची टिंगल केली होती.

पाचव्या दिवशी सदूला श्वास पुरेना. गळ्याला छेद देऊन नळी घातली. नाकातून दूध घालत होते. झोपेची औषधं एवढी होती की तो बहुतेक वेळ गुंगीत असायचा, आणि झटके तरीही येत. सहाव्या दिवशी दुपारी सिस्टर बाहेर आल्या. त्यांनी पायांत चपला घातल्या होत्या. आता पाय वाजले तरी चालणार होतं. हौसानं ते माझ्या आधी ओळखलं.

सिस्टरांनी हौसाला आत नेलं आणि मुलाच्या अंगाला हात लावू दिला. सहा दिवसांत पहिल्यांदा. तिनं त्याचा जबडा धरून पाहिला, सैल झाला का म्हणून.

दिवसकार्याला चार गावचे गाडेवाले आले. एकानं सांगितलं, पोरगं वाघ होतं, शेवटपर्यंत तोंड उघडलं नाही. दुसरे माना डोलावत होते. मी उभा राहिलो आणि म्हणालो, त्याला तोंड उघडता येत नव्हतं. त्याच्या पायात मी माती भरली, त्यानं तो मेला. मी सगळं सांगितलं. एक म्हातारा म्हणाला, "दुःखानं बोलतोय बिचारा. माती तर आमच्या बी भरलीय." आणि कोणीतरी चहा आणायला सांगितलं.

पुढच्या चैत्रात मी घाटाच्या टोकाला साबण आणि उकळून गार केलेलं पाणी घेऊन बसलो. दिवसभरात दोघे आले. एक गेनू होता, त्याला काहीच लागलं नव्हतं. तो नुसता शेजारी येऊन बसला. दुसरा माझ्या तालमीतला पोरगा. तळहात फाटला म्हणून तो आधी गाड्यांच्या आड गेला आणि कोणाकडून तरी माती भरून आला. मी ओरडलो तर म्हणाला, "मामा, सदूनं भरली व्हती. मी काय त्याच्यापरीस नाजूक हाय व्हय?" मी त्याला ओढत चाकणला नेला. पुढच्या वेळी तो मला दिसेल अशा जागी भरणार नाही, एवढंच.

त्या जत्रेनंतर मी हौसाला सांगितलं. दिवसकार्याला तिनं ऐकलं होतंच, पण तिच्यासमोर बसून मी ते बोललो नव्हतो. ती भांडी घासत होती. हातातलं भांडं तिनं खाली ठेवलं.

"मला ठाव हाय," ती म्हणाली. "जत्रेच्या दुसऱ्या दिवशी त्याचा पाय ठनकत होता. मी ऊन पानी केलं. म्हनलं, सोड ते फडकं, धुते. तर म्हनाला, आई, आधी मामाला इचारून ये."

"मग?"

"आले की तुझ्या दारापातुर. आत चार मानसं बसली व्हती. जत्रेचं बोलनं चाललं व्हतं. पोराच्या शिस्तीचं सांगत व्हतास तू त्यास्नी. मी उंबऱ्याशी उभी राह्यले जरा वेळ. मग गेले मागारी. पानी वतून दिलं."

"हौसा, आत का न्हाई आलीस?"

"तू रागावला आसतास, दादा." तिनं भांडं पुन्हा हातात घेतलं. "तवापास्नं मी तेच धरून बसलीय. मी आई व्हते. मी इचारायला कशाला गेले?"

ती मला लागेल असा एक शब्दही बोलली नाही. अजूनही सकाळी चहा माझ्याकडे तिच्याच घरातून येतो. माझ्या शिस्तीनं पोराचं तोंड बंद केलं हे मला दवाखान्यात कळलं होतं. त्याच शिस्तीनं आईचे हातही बांधले होते हे मला कळायला वर्ष लागलं. मला यातून बरं व्हायची आशा नाही, आणि तशी इच्छाही आता धरत नाही. पण हे वाचणाऱ्या कोणाच्या घरी आज एखाद्याचा पाय फडक्यात आवळलेला असेल.

ते फडकं सोडा. जखम साबणानं आणि स्वच्छ पाण्यानं धुवा, आतली माती काढा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेऊन सुई टोचून घ्या. घरात कोणी मोठा असेल, उस्ताद असेल, मामा असेल, तर त्याला विचारायला जाऊ नका.