शेरडू, आडू आणि गाइस

गाइसबाई जर्मन शब्द फळ्यावर लिहायच्या आधी खडू आमच्या हातात द्यायच्या. "घरचा शब्द आधी. पाव्हण्याला मागनं बोलवू," हा त्यांचा नियम. सांगलीतल्या त्या क्लासात आम्ही सगळ्या जर्मनीला नर्सिंगच्या कामाला जायचं म्हणून आलेल्या मुली.

बाईंचं हे नाव आम्हीच पाडलं. धडा शेळीचा होता. फलटणच्या मुलीनं फळ्यावर 'शेळी' लिहिलं. मी कडेगावची, मी 'शेरडू' लिहिलं. जतची रेणुका खडू घेऊन नुसतीच उभी. तिच्या घरी कानडी मिसळून बोलतात. शेवटी तिनं बारीक अक्षरात लिहिलं, 'आडू'. दोघी-चौघी फिदीफिदी हसल्या. बाईंनी त्याखाली ठळक लिहिलं: त्सीगं, गाइस, गोआस.

"पुस्तकात त्सीगं. दक्षिणेकडं गेलात की गाइस. बवेरियातल्या खेड्यात गोआस. तिथली म्हातारी माणसं सांभाळायला निघालाय न्हवं तुमी? ती काय पुस्तकातलं बोलणार न्हाईत. आता हसा."

त्या दिवसापासनं त्या आमच्या गाइसबाई.

बाई आटपाडीकडच्या, मेंढरांमागं वाढलेल्या. पुण्यात जर्मन शिकल्या, तिथंच कितीतरी वर्षं शिकवलं, तरी 'हाय' आणि 'न्हाई' सुटलं नव्हतं. कुणी टोकलं की म्हणायच्या, "सोडायला काय ती जुनी चप्पल हाय?"

क्लासच्या मालकाला आम्ही सर म्हणायचो. सर एकदा जाहिरातीसाठी कॅमेरावाला घेऊन आले. सगळ्यांना नर्सचे पांढरे कोट घालायला लावले, फोटो काढले. मग प्रत्येकीनं थोडं मराठीत, थोडं जर्मनमध्ये बोलायचं होतं. रेणुकानं तोंड उघडलं, "मी जतची हाय..." आणि सरांनी हात वर केला.

"तू मागं उभी राहा. बोलू नकोस. पालकांना वाटेल, गावठी क्लास आहे."

"आवं सर, पोरगी जर्मन बोलणार हाय," बाई म्हणाल्या. "त्यात गावठी कुठनं आलं?"

"तिचं मराठी ऐकलंत का?"

"ऐकलं. माझंबी तसंच हाय. मला काढता?"

"बाई, विषय वाढवू नका. हिला पुढच्या बॅचला टाकू. आधी भाषा सुधारू दे."

पुढची बॅच म्हणजे रेणुकाची परीक्षा हुकणार, आणि परीक्षा हुकली की घरचे लग्न लावून मोकळे होणार. हे त्या खोलीत सरांसकट सगळ्यांना माहीत होतं. बाईंनी डस्टर टेबलावर ठेवलं. "चल गं रेणुका. दप्तर घे." आम्ही काही जणी मागोमाग उठलो. बाकीच्या बसून राहिल्या. त्यांच्यावर माझा राग नाही. सरांवर आहे, आणि तो मी जपून ठेवलाय.

मग क्लास बाईंच्या सांगलीतल्या घरामागच्या पत्र्याच्या शेडात भरायला लागला. तिथं त्यांची शेरडं बांधलेली. रेणुका अडखळली की बाई तिला त्यांच्यासमोर उभी करायच्या. "ह्यांना ऐकव. शेरडू हसत न्हाई." रेणुका त्यांना जर्मनमध्ये गोळ्यांच्या वेळा समजावून सांगायची आणि ती रवंथ करत ऐकायची. परीक्षेचा फॉर्म बाईंनी परस्पर भरला, आणि रेणुका पास झाली.

मिरज स्टेशनवर आम्ही तिला ढीगभर सूचना दिल्या. बाईंनी एकच दिली. "कुठली म्हणून इचारलं तर गावाचं नाव सांग. नुसतं इंडिया म्हणून सुटू नगंस."

ती गेली आणि क्लासवर भला मोठा फ्लेक्स लागला. 'आमच्या यशस्वी विद्यार्थिनी!' मागं उभी राहा म्हटलेली रेणुका सगळ्यांत पुढं, त्याच दिवशीच्या कोटात! मी ब्लेड घेऊनच बाईंकडं गेले. म्हटलं, फाडते.

"फोटो राहू दे. पोरगी लय झ्याक दिसतीया," बाई म्हणाल्या. "खाली तिचा आवाज चिकटव."

रेणुकाला फोनवर विचारून पत्रक छापलं. माझ्या आयुष्यातलं पहिलं. 'मी रेणुका, जतची. आमच्यात शेळीला आडू म्हणत्यात. ह्या क्लासानं मला मागं उभं केलं हुतं. शिकवलं बाईंनी, शेरडांच्या शेडात.' बाईंनी स्वतः खळ शिजवली. भर दुपारी, सगळ्यांदेखत आम्ही ते चिकटवलं. वॉचमन धावत आला. "बाई, सर फाडायला लावतील मला."

"फाड की गड्या," बाई म्हणाल्या आणि डबा तिरका करून त्याला दाखवला. "खळ लय हाय."

बाई आता आटपाडीला परत गेल्यात. तिथल्या पोरींना शिकवतात. जाताना शेरडं नेली, डबा मला दिला. फ्लेक्स अजून तिथंच आहे. पत्रक फाटतं. मी खळ शिजवते.