कानशिलावरची चामखीळ

सासूबाई गेल्या तेव्हा त्यांना शेवटची आंघोळ मी घातली. हसनाबादला आमच्या घरात ते काम थोरल्या सुनेचं. त्यांच्या डाव्या कानशिलावर तपकिरी, खडबडीत चामखीळ होती, वरून मेण चिकटवल्यासारखी. पाणी ओतताना माझा अंगठा तिच्यावरून फिरला. मागे बसलेल्या चुलत सासूबाई म्हणाल्या, "तिथं हात नको लावू गं. मेलेल्याच्या अंगावरचं आंघोळ घालणारीला लागतंय." मी मनातल्या मनात हसले. जिवंतपणी ज्यांनी हातचं काही सुटू दिलं नाही, त्या मेल्यावर काय देणार?

पावसाळा सरला आणि अंबडला आमच्या राहत्या घरी वेणी घालताना बोटाला खरखर लागली. डावंच कानशील. तेवढीच, तशीच. मी खरंच घाबरले.

घरात कोणाला बोलले नाही. पण एका संध्याकाळी देवापुढे दिवा लावत होते, तर हे दारातून आत आले आणि उंबऱ्यातच थांबले. "आई?" म्हणाले. मग चप्पल न काढताच माघारी वळले. त्यानंतर माझ्या तोंडाकडे बघणंच बंद. ताट वाढलं की खाली मान घालून जेवायचे आणि उठायचे. अख्खा संसार केलेला माणूस बायकोला भिऊ लागला, आणि मला त्याचा राग यावा तर मीही स्वतःलाच भीत होते.

शेजारणीने वरातीच्या घोडीच्या शेपटीचा केस आणून दिला. म्हणे बांधला की आपोआप गळून पडते. पण बसक्या चामखिळीला गाठ कुठून बसणार? मग तिच्याच सांगण्यावरून चुना आणि धुण्याचा सोडा लावला. कातडी भाजली, खपली धरली, पडली. खालून ती पुन्हा वर आली. त्या दिवशी मी आरशावर टॉवेल टाकला.

शेवटी जालन्याला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी भिंगातून नीट पाहिलं. "साधी वाढ आहे, वयाबरोबर येते. कॅन्सर नाही, आणि एकाची दुसऱ्याला लागतही नाही. चुना, सोडा, केस, काही करायचं नाही. नखानं खरवडायचं नाही. रंग बदलला, रक्त आलं किंवा झपाट्यानं वाढली, तर मात्र लगेच यायचं. रक्ताच्या नात्यात कोणाला होती?"

"सासूबाईंना."

त्या हसल्या. "सासूकडून कशी येईल? तुमच्या आईला होती का?"

 आई मी रांगत होते तेव्हाच गेली. तिचा फोटोसुद्धा नाही.

मंठ्याला मावशी असते. दुसऱ्या दिवशी तिकडची एसटी धरली. माझं ऐकून तिने डोक्यावरचा पदर मागे सारला. डावं कानशील, तीच चामखीळ. माझ्या तोंडावरून हात फिरवत ती म्हणाली, "आमच्या मायलाबी इथंच व्हती. तुही माय जगली असती, तं आज बिलकुल तुह्यासारखी दिसली असती."

परतताना एसटीच्या काचेत मी स्वतःला बघत राहिले आणि रडत राहिले.

घरी हे पेपर घेऊन बसले होते. मला बघून त्यांनी मान खाली घातली. मी खुर्ची ओढून अगदी समोर बसले.

"वर बघा. हे तुमच्या आईचं तोंड न्हाई," मी म्हणाले. "माझ्या आईचं आहे. मीबी पहिल्यांदाच पाहून राह्यले."