रोलची शेवटची पट्टी

मी तिसऱ्यांदा तोच अल्बम उघडला. स्क्रीनवर एका लग्नाचे तीस फोटो आले. हळद, अक्षता, जेवणाच्या पंगती. साळवे मॅडम शेजारी स्टुलावर बसून एकेक फोटो निरखत होत्या. त्या लग्नाशी त्यांचा काही संबंध नव्हता. त्या आपल्या वडिलांना शोधत होत्या.

मॅडम इंदापूरच्या एका शाळेत शिकवायच्या. वडील कालव्यावर चौकीदार होते. वर्षभरापूर्वी, निवृत्तीच्या कागदांसाठी बारामतीला आले तेव्हा ते आमच्या स्टुडिओत पासपोर्ट फोटो काढून गेले होते. सगळ्या कॉप्या फॉर्मांवर चिकटून ऑफिसात गेल्या आणि फाइल पुढे पुण्याला. आता ते वारले होते. रविवारी पुण्यानुमोदनाचा, म्हणजे श्रद्धांजलीचा कार्यक्रम होता आणि चेहरा दिसेल असा एकही फोटो घरात नव्हता. होते त्यांत ते पाठमोरे, नाहीतर कुणाच्या तरी खांद्याआड.

"आई सारखी विचारतीय, फुलं कशावर वाहायची?" मॅडम म्हणाल्या.

इथे थोडं आमच्या धंद्यातलं सांगायला हवं. फिल्मचा रोल छत्तीस फोटोंचा. लग्नात तीस-बत्तीस निघायचे. उरलेली फिल्म वाया कशी घालवायची, म्हणून कॅमेरा तसाच स्टुडिओत यायचा आणि दोन दिवसांत जे पासपोर्टवाले येतील त्यांचे फोटो त्यावर काढायचे. मग रोल धुवायला जायचा. ह्या उरलेल्या भागाला आम्ही शेपूट म्हणायचो. धुऊन आलेला रोल सहा-सहा फोटोंच्या पट्ट्यांत कापून पाकिटात ठेवायचा आणि पाकिटावर नंबर टाकायचा. त्या नंबरापुढे आमचे मालक, तात्या, रजिस्टरमध्ये लग्नाचं नाव लिहायचे आणि खाली बारीक अक्षरात शेपटातली नावं. असा गावाकडचा चौकीदार एखाद्या बागायतदाराच्या लग्नाला लटकून वर्षानुवर्षं आमच्या कपाटात राहायचा.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. कॉम्प्युटर आणि निगेटिव्ह स्कॅन करता येईल असा स्कॅनर मी तात्यांच्या मागे लागून घ्यायला लावला होता. सोबत फोटो लावून ठेवायचं सॉफ्टवेअर होतं. म्हणजे असं, की फोटो स्कॅन केला की त्याला नाव द्यायचं, अल्बममध्ये टाकायचा. प्रोग्रॅम प्रत्येकाची एक छोटी प्रतिमा आपल्या यादीत ठेवतो, तिला थंबनेल म्हणतात. पुढे नाव टाइप केलं की फोटो समोर. मी तात्यांना हे करून दाखवलं तेव्हा मला फार मोठं काही केल्यासारखं वाटत होतं.

तात्या बघत राहिले आणि म्हणाले, "आन् ज्याचं नाव टाकायचं ऱ्हायलं, त्यो?"

मी हसलो. म्हणालो, "असं होणारच नाही, तात्या."

मग मी काय केलं ते सांगतो. एकेका फोटोला नाव देत बसलो असतो तर वर्ष गेलं असतं. मी रोल सिलेक्ट करायचो आणि सगळ्याला एकदम एकच नाव द्यायचो, लग्नाचं. नवरानवरीच्या रांगेत मध्येच कुणीतरी अनोळखी माणूस पांढऱ्या पडद्यापुढे ताठ बसलेला दिसायचा. अल्बम घाण दिसायचा. हार्ड डिस्कही भरत आली होती. मी ते फोटो डिलीट करत गेलो. रजिस्टर हाताशी होतं, पण ते उघडून बघायचा मला कंटाळा होता. आणि ज्या पट्टीत लग्नाचा एकही फोटो नाही, ती पट्टी मी कचऱ्याच्या टोपलीत टाकत गेलो. पाकिटं पातळ होतात, कपाट नीट दिसतं, असं मला वाटायचं.

त्या दिवशी मॅडम आल्या तेव्हा त्यांनी सांगितलेल्या महिन्यावरून तात्यांनी आधी रजिस्टर काढलं. बोट फिरवत थांबले. रोल एकशे अठरा. लग्न, आणि खाली, साळवे, कालवा चौकी. मॅडमचा चेहरा खुलला.

पण तिसऱ्यांदा अल्बम बघूनही स्क्रीनवर ते सापडेनात, तेव्हा तात्यांनी कपाटातून पाकीट आणलं. पट्ट्या उजेडाला धरून मोजल्या. पाच होत्या.

"सहावी कुठं हाय रं?"

मी की-बोर्डकडे बघत राहिलो. मॅडम आधी माझ्याकडे, मग तात्यांकडे बघत होत्या. मला बोलायचं होतं. तोंडातून आलं ते एवढंच, की फिल्म खराब निघाली असेल.

तात्या माझ्याकडे बघत होते. त्यांना सगळं कळलं होतं. त्यांनी पाकीट बंद केलं.

"ताई, माझ्याच हातनं गेली आसंल. डोळ्याला आता नीट दिसत न्हाय. कचरा म्हणून टाकली आसंल मी."

मॅडम स्टुलावरून उठल्या. मग म्हणाल्या, "असू द्या, तात्या." आणि एसटी गाठायला निघून गेल्या. पायरी उतरताना त्यांनी पदर डोळ्याला लावला.

तात्या मला रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "तुझ्या मशिनीत कुठं कायतरी ऱ्हायलं आसंल. बघ."

मी दोन दिवस दुसरं काम केलं नाही. डिलीट केलेली फाइल परत येणार नव्हती, जागेसाठी रिसायकल बिनही मी रिकामी केली होती. शनिवारी दुपारी मेनू चाळताना एक पर्याय दिसला. 'ज्या फोटोंची फाइल सापडत नाही ते लपवा.' त्यावर टिक होती. माझीच. मी फाइली प्रोग्रॅमच्या बाहेरून डिलीट केल्या होत्या, पण प्रोग्रॅमने आपल्या यादीतून कुणालाच काढलं नव्हतं. टिक काढली. लग्नाच्या तीस फोटोंखाली लाल फुली मारलेले सहा चेहरे आले. तात्यांनी चष्मा वर केला आणि चौथ्यावर बोट ठेवलं.

"हेच साळवे. चौकीवरचं पेरू घिऊन आलते."

थंबनेल ते थंबनेलच. मोठं केलं की चेहऱ्याचे चौकोन होत होते. टपालाच्या तिकिटाएवढं ठेवलं तरच माणूस दिसत होता. तेवढंच प्रिंट केलं.

रविवारी पहिल्या गाडीने इंदापूरला गेलो. सबंध रस्ताभर वाक्य जुळवत होतो. पट्टी मी टाकली, तात्यांनी नाही. एवढंच म्हणायचं होतं.

मॅडमच्या आई पांढऱ्या साडीत ओट्यावर बसल्या होत्या. मी पाकीट त्यांच्या हातात दिलं. त्यांनी फोटो तळहातावर घेऊन डोळ्यांजवळ नेला आणि बराच वेळ तसाच धरला.

"व्हय, हेच," त्या म्हणाल्या. "कॉलर तेवढी मी सरळ केली आसती."

मॅडमच्या भावाने एक मोठी फ्रेम आणली, मागे पांढरा कागद लावला आणि मधोमध तो फोटो चिकटवला. बुद्धांच्या मूर्तीशेजारी ती फ्रेम ठेवली. वंदना झाली. फुलं वाहायला येणारा प्रत्येकजण आधी वाकून, अगदी जवळ जाऊन त्यांना बघत होता. लांबून नमस्कार करून कुणालाच सरकता येत नव्हतं.

निघताना मॅडम दारापर्यंत आल्या.

"तात्यांना सांगा, मनाला लावून घेऊ नका म्हणावं. एवढ्या वयात चूक व्हायचीच."

मी म्हणालो, "सांगतो."

आणि खरंच सांगितलं, जसंच्या तसं. तात्यांनी मान हलवली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले. त्या विषयावर ते पुन्हा कधी बोलले नाहीत. आता ते नाहीत, स्टुडिओही नाही. ज्याचं नाव टाकायचं राहिलं त्याचं काय, असं सुरुवातीला त्यांनी विचारलं होतं, त्याचं खरं उत्तर मी कधी दिलं नाही, आणि त्यांनीही ते मागितलं नाही.

मॅडम, पट्टी मी टाकली होती. तात्यांची नजर शेवटपर्यंत चांगली होती.

कॉम्प्युटरवर फोटो लावणाऱ्यांना माझं एक सांगणं आहे. जे चेहरे आपल्या ओळखीचे नाहीत, त्यांची नावं आधी विचारावीत. आपल्या माणसांची नावं मागाहून टाकली तरी चालतं.