ड्रमखालच्या विटा

अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मी लॅबची इनचार्ज होते. विमानाच्या चाकांच्या बेअरिंगला लागणारं ग्रीस आम्ही बनवायचो. डिग्री माझी, तोराही माझाच. स्टोअर सांभाळणारे काका जेमतेम दहावी.

शेड भरली की ड्रम उघड्यावर राहायचे. काका प्रत्येक ड्रमच्या एका कडेखाली वीट सरकवायचे. "मॅडम, तिरका ठेवला की पाणी निथळतं. सरळ ठेवला की झाकणावर साचतं, आणि ड्रम गार होताना ते आत ओढतो." मी चिडवायचे, "काका, कारखाना आहे की वीटभट्टी?"

एका पावसाळ्यात ग्राहकाची माणसं पाहणीला येणार होती. नेमकं त्याच सकाळी नदीचं पाणी बदलापुरात, मांजर्लीला काकांच्या घरात शिरलं. पुढचे चार-पाच दिवस ते येऊ शकले नाहीत. मला ते वाकडेतिकडे ड्रम डोळ्यांत खुपले. त्या दिवसापुरत्या आलेल्या हमालांकडून सगळ्या विटा काढून घेतल्या, आणि पाहणी झाल्यावर परत लावायच्या साफ विसरले.

चार दिवस धो धो पाऊस. मग चिमूटभर ग्रीस तापलेल्या प्लेटवर टाकलं, तर फोडणीतल्या मोहरीसारखं तडतडलं. पाणी! असलं ग्रीस बेअरिंगमध्ये टिकत नाही, पोलाद गंजतं, आणि वर आभाळातल्या थंडीत त्यातलं पाणी गोठतं. उतरताना चाकच अडकलं तर? सगळे ड्रम बाद केले, तेवढीच काय ती अक्कल.

साहेबांनी विचारलं, "स्टोअर कोणाकडे?" सगळ्यांनी काकांकडे बोट दाखवलं. मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. काकांची नोकरी गेली. रिटायर व्हायला दोन वर्षं उरली होती.

महिन्याभराने मांजर्लीला गेले, कबूल करायचंच म्हणून. भिंतीला अजून छातीएवढी ओल होती. काकूंनी चहा दिला. मी आपली पुराचंच विचारत राहिले.

काकाच म्हणाले, "हिशेब घ्यायला आलो तेव्हा विटा तुमच्या लॅबच्या खिडकीखाली रचलेल्या दिसल्या."

"मग बोलला का नाहीत?"

"म्हटलं, तुम्हीच बोलाल." मग त्यांनी विचारलं, "आता लावल्यात ना परत?"

नव्हत्या लावल्या. मी वर नुसती ताडपत्री टाकली होती. विटा परत लावल्या असत्या, तर त्या काढल्या कोणी, हे कोणीतरी विचारलं असतं.